गुडघ्याचं दुखणं आणि मांडीतली ताकद

साताऱ्यात गुडघा बिघडला की आधी उतार जाणवायला लागतात. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेलं गाव, त्यामुळे जुन्या पेठांमधला बोळ एक तर चढाचा, नाहीतर उताराचा. चढताना दम लागतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण माझा डावा गुडघा कळ द्यायचा तो उतरताना. असं का होतं, हे कळायला मला बरेच महिने लागले. ते कळलं, तेव्हापासून दुखणं मागे हटायला लागलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. पन्नाशी ओलांडलेल्या, दिवसभर उभ्याने राबणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्यातल्या बहुतेकजणी "आता वयच झालं" म्हणून गप्प बसतात.

माझं पोळी-भाजीचं केंद्र आहे. पहाटे साडेचारला कणीक तिंबायला घ्यायची, सहाला पहिला तवा, आणि डबे बाहेर पडेपर्यंत ओट्यापुढून हलायचं नाही. श्रावणापासून पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी सुरू होतात त्या थेट गणपती उठेपर्यंत. घर जुनं, लाकडी जिन्याचं. झोपायच्या खोल्या माडीवर. सकाळी जिना उतरताना डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा पहिले काही दिवस मी लक्षच दिलं नाही. मग थोडा वेळ बसून उठलं की गुडघा आखडायला लागला. दहा-बारा पावलं टाकल्यावर सुटायचा. गणपतीत संध्याकाळी वाटीच्या वरच्या बाजूला सूज दिसायला लागली, दोन्ही गुडघे शेजारी धरले की फरक डोळ्यांना कळायचा.

सल्ल्यांना काही तोटा नव्हता. सासूबाईंनी महानारायण तेल कोमट करून रोज रात्री चोळून दिलं. त्यांच्या हाताने बरं वाटायचं, आजही वाटतं. कुणी गुडघ्याचा पट्टा आणून दिला. कुणी म्हणालं, जिना बंद कर, खालीच झोप. मांडी घालू नकोस, चालणं थांबव, झिजलेला गुडघा आणखी झिजेल. पितृपंधरवड्यात ऑर्डरी कमी असतात, तेव्हा खरंच विश्रांती घेतली. मावशींनी ओटा सांभाळला, मी बसून भाज्या निवडल्या, खाली कॉटवर झोपले. ठणका कमी झाला. पण घटस्थापनेच्या आदल्या दिवशी माडीवरून देवीची भांडी काढायला गेले, आणि उतरताना डावा पाय असा लटपटला की कठडा धरून तिथेच बसावं लागलं. दुखणं कमी झालंय आणि जिना मात्र आधीपेक्षा अवघड झालाय, हे मला उमगेना. विश्रांतीने गुडघा बरा व्हायला हवा होता ना?

हाच प्रश्न घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्याआधी एका ठिकाणी गुडघ्याला हातही न लावता फोटो उजेडात धरून "झिजलेत, आज ना उद्या बदलावेच लागतील" असं ऐकून आले होते आणि दोन रात्री झोप लागली नव्हती. या डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले. गुडघा मध्येच अडकतो का, सरळच होत नाही असं होतं का? चालताना एकदम दगा देतो का? ताप आला होता का, गुडघा लाल आणि गरम झाला होता का? रात्री झोपेतून जाग येईल इतकं दुखतं का? पोटरी सुजते का? बोटांचे सांधे सकाळी तासभर आखडतात का? यातल्या एखाद्याला "हो" म्हटलं असतं तर तपासण्यांची वाट वेगळी झाली असती, असं त्यांनी नंतर सांगितलं. लाल, गरम गुडघा आणि ताप असला तर व्यायाम-बियाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. म्हणून मीही इथे आवर्जून लिहिते.

मग टेबलावर झोपवून गुडघा वाकवला, सरळ केला, वाटी दोन बोटांनी इकडेतिकडे हलवली. एक्स-रे पुन्हा काढायला सांगितला, पण उभं राहून. झोपून काढलेल्या फोटोत सांध्यावर भार नसतो, त्यामुळे दोन हाडांमधली फट खरी किती उरलीय ते दिसत नाही. रक्तात युरिक ॲसिड आणि संधिवाताची चाचणी ठीक निघाली. ड जीवनसत्त्व कमी होतं, त्याची आठवड्याला एक अशी पुडी सुरू झाली.

फोटोचं निदान होतं ग्रेड २. गुडघ्याच्या झिजेची ० ते ४ अशी प्रतवारी आहे. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी ती १९५७ साली मांडली, आणि आजही फोटोवर तेच आकडे लिहिले जातात. २ म्हणजे हाडाच्या कडेला छोटी टोकं आलेली, आतल्या बाजूची फट कदाचित थोडी अरुंद. ४ म्हणजे हाड हाडाला टेकलेलं. डॉक्टर म्हणाले, "फोटोत हाड दिसतं, दुखणं दिसत नाही. ग्रेड १ची माणसं लंगडत येतात आणि ग्रेड ३ची माणसं शेतात राबतात. तुमच्या फोटोचं वय तुमच्याएवढंच आहे. मला काळजी आहे ती तुमच्या मांडीची." रक्तदाब आणि मूत्रपिंडाचं विचारून घेऊन वेदनाशामक गोळी मोजके दिवस दिली, वरून लावायचं जेल दिलं, आणि चिठ्ठीवर खाली ठळक अक्षरात 'फिजिओथेरपी' लिहून त्याखाली रेघ ओढली. गोळी विसरली तरी चालेल, हे विसरू नका, म्हणाले.

फिजिओ मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. कराडला शिकलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मशिनला हातच लावला नाही. मला अनवाणी चालायला लावलं, एका पायावर उभं राहायला लावलं, खुर्चीतून हात न टेकता उठा म्हणाल्या. मग टेबलावर बसवून त्यांनी टेप काढली. दोन्ही वाट्यांच्या वर बरोबर दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण केली आणि तिथे मांडीचा घेर मोजला. डावी मांडी उजवीपेक्षा चांगलीच बारीक. रोज अंघोळीला बघते त्या स्वतःच्या पायात हा फरक आहे, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

त्यानंतर त्यांनी डाव्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, माझं बोट मांडीच्या आतल्या बाजूला, वाटीच्या जरा वर ठेवलं आणि म्हणाल्या, "काकू, आता गुडघ्याने टॉवेल खाली दाबा." उजव्या पायाला हेच केलं तेव्हा बोटाखाली स्नायूचा टणक गोळा वर आला होता. डाव्या पायाला मी सगळा जोर लावला, दात आवळले, तरी बोटाखाली नुसती थरथर. मऊच्या मऊ. "हे बघा, तुमचा जिना इथे अडलाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. मांडीच्या पुढच्या बाजूचा चार भागांचा मोठा स्नायू वाटीला धरून असतो आणि गुडघा सरळ करतो. पण त्याचं खरं कसब उतरताना लागतं. जिना चढताना तो आखडत जाऊन शरीर वर उचलतो. उतरताना मात्र त्याला लांबत लांबत जोर धरून ठेवावा लागतो, म्हणजे शरीर एकदम खाली न आदळता हळूहळू उतरतं. कमकुवत स्नायूला हे जमत नाही, आणि मग तो धक्का सांध्याला सोसावा लागतो. शिवाय गुडघा जितका वाकलेला, तितका वाटीच्या मागे दाब जास्त. सपाटीवर चालताना तो आपल्या वजनाच्या साधारण निम्मा असतो, जिन्यावर तीनपटीच्या पुढे जातो आणि पूर्ण उकिडवं बसलं की सातपटीहून जास्त होतो. रस्त्याने चालताना मला काही वाटायचं नाही आणि जिन्यावर, देवघरात, संडासात डोळ्यांत पाणी यायचं, त्याचा उलगडा इथे झाला.

आणि विश्रांतीचं कोडंही सुटलं. सांध्यात पाणी साठलं, दुखायला लागलं की मज्जारज्जूकडून मांडीच्या स्नायूला जाणारा हुकूम आपोआप कमी होतो. आपण कितीही ठरवलं तरी तो स्नायू पूर्ण ताकदीने आवळत नाही. शरीर दुखऱ्या सांध्याला असं जपतं. पण त्यामुळे स्नायू वाळायला लागतो. वर विश्रांती घेतली की आणखी वाळतो. सूज उतरली, ठणका गेला, तरी सांभाळणारा स्नायूच उरलेला नसतो. पितृपंधरवड्यात माझं तेच झालं होतं.

झिजेच्या धास्तीबद्दलही त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला फार मोलाची वाटते. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. म्हणजे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते आजूबाजूचं अस्तर, त्याखालचं हाड, स्नायूंची टोकं. आणि रक्त पोहोचत नसल्याने कूर्चेचं पोषण होतं ते सांध्यातल्या वंगणातून. पाय टेकला की दाब येतो, उचलला की सुटतो. फडकं पिळून पुन्हा पाण्यात टाकावं तसं कूर्चा जुनं पाणी सोडते आणि नवं शोषून घेते. म्हणजे बेताचं चालणं हे गुडघ्याचं खाणं आहे. चालणं बंद केलं की गुडघा वाचेल, हे आपल्याकडे इतकं खोल रुजलंय की मला हे दोनदा विचारून घ्यावं लागलं.

व्यायाम दिसायला अगदी साधे होते. टॉवेलची गुंडाळी दाबून दहा सेकंद धरायची, दहा वेळा. उताणं झोपून एक पाय दुमडायचा, दुसरा गुडघ्यात कडक सरळ ठेवून, पाऊल आपल्याकडे ओढून, दुमडलेल्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलायचा आणि तितक्याच हळू खाली आणायचा. इथे त्यांची नजर बारीक असायची. पाय उचलताना गुडघा किंचितही वाकला तर "काकू, तो वाकला, पुन्हा." कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा हा तिसरा. गुडघ्याच्या दुखण्यात कुल्ल्याचा व्यायाम कशाला, असं मी विचारलं, तर त्यांनी मला आरशासमोर डाव्या पायावर उभं केलं. माझी कंबर उजवीकडे खचत होती आणि डावा गुडघा आतल्या बाजूला कलत होता. कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कंबर समतोल धरतो. तो ढिला पडला की प्रत्येक पावलाला कंबर दुसऱ्या बाजूला खचते आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूवर जास्त भार पडत राहतो. फोटोतही माझी आतल्याच बाजूची फट थोडी कमी होती.

शेक आणि करंट त्यांनी दिला, नाही असं नाही. पहिल्या काही दिवसांत सूज होती तेव्हा दिला, कारण दुखणं थोडं दबलं की व्यायाम नीट करता येतो. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की मशिनने काही तास बरं वाटतं, ताकद येत नाही. हे मी मुद्दाम सांगते. फिजिओथेरपी म्हणजे आडवं पडून वीस मिनिटं मशिन लावून घेणं, अशी समजूत असलेली आणि "फरक पडला नाही" म्हणून सोडून दिलेली कितीतरी माणसं मला आमच्याच केंद्रावर भेटलीत. तुम्हाला कुणी व्यायाम शिकवलाच नसेल, तर ती फिजिओथेरपी अर्धीच झाली, असं माझं ठाम मत झालंय.

सुरुवातीला मला सगळ्यात जास्त भीती होती ती दुखण्याची. दुखतंय म्हणजे आत काहीतरी फाटतंय, असंच वाटायचं. त्यासाठी त्यांनी मला एक मोजमाप दिलं. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहनच होणार नाही, असं धरायचं. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखलं तर चालतं. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळी होता तसाच असला पाहिजे. सकाळी जास्त दुखतोय, जास्त सुजलाय, तर आदल्या दिवशीचा डोस जास्त झाला. कमी करायचा, बंद करायचा नाही. या एका नियमाने माझा जीव भांड्यात पडला. आजवर दुखणं हा धोक्याचा इशारा होता, आता ते मोजता येणारं झालं. मी केंद्राच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या पानावर रोज सकाळचा आकडा लिहायला लागले.

त्यांनी माझा ओटाही बघायला मागितला. यांनी फोनवर व्हिडिओ काढला, मी पोळ्या लाटतानाचा. त्यात दिसलं की मी सगळा भार उजव्या पायावर टाकते आणि डावा गुडघा मागे ताणून कुलूप लावल्यासारखा ठेवते. लाटणं पुढे जाताना कंबरेतून वाकते, कारण ओटा माझ्या उंचीला जरा खाली आहे. उपाय अगदी घरातला निघाला. ओट्याखाली एक बुटका पाट ठेवायचा आणि थोड्या थोड्या वेळाने आलटून पालटून एकेक पाऊल त्यावर ठेवायचं. पोळपाटाखाली लाकडी फळी घालून उंची वाढवली. फरशीवर जाड रबरी चटई टाकली. अनवाणी उभं राहणं बंद केलं, मऊ तळाच्या चपला घरातच घालायला लागले. सासूबाईंनी स्वयंपाकघरात चपला म्हणून आधी नाक मुरडलं, पण वेगळा जोड फक्त ओट्यापुरता ठेवला तेव्हा मान्य केलं. आणि प्रत्येक घाणा संपला की दोन मिनिटं चालायचं. अंगणातून तुळशीपर्यंत जाऊन यायचं, बस्स.

पट्ट्याबद्दल त्या म्हणाल्या की बाजारात, गर्दीत, लांबच्या प्रवासात लावा. दिवसभर घरात लावायची गरज नाही. जिन्याचाही नियम दिला. वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना दुखरा पाय आधी, आणि एक हात कठड्याला. काठी लागली तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. मी इतकी वर्षं म्हाताऱ्या माणसांना दुखऱ्या बाजूलाच काठी टेकताना बघत आलेय. संडासात तात्पुरती कमोडची खुर्ची बसवली. मांडी घालणं काही आठवडे थांबवलं. पण "आता जन्मात मांडी घालायची नाही" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि त्याचा मला मोठा आधार वाटला.

वजनाचा विषय निघणारच होता. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने उतरतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला दहा-वीस किलो उतरवायचं दडपण वाटेनासं झालं. दोन किलो उतरले तरी आठ किलोचं ओझं कमी, आणि दिवसाला हजारो पावलं. चहातली साखर कमी केली, उरलेली शेवटची पोळी "वाया नको" म्हणून उभ्या उभ्या खायचं सोडलं. जेवणात रोज उसळ किंवा अंडं आलं, कारण नुसत्या व्यायामाने स्नायू बनत नाही, त्याला प्रथिनं लागतात.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मांडीचा घेर तसाच होता, पण टॉवेल दाबताना बोटाखालचा स्नायू टणक लागायला लागला. त्या म्हणाल्या, सुरुवातीची ताकद ही स्नायू वाढल्याची नसते, विसरलेला हुकूम पुन्हा पोहोचायला लागल्याची असते. स्नायू प्रत्यक्ष भरायला दीड-दोन महिने लागतात, तोवर धीर सोडायचा नाही. मग खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आलं. आधी खुर्चीवर उशी ठेवून उंच करून, नंतर उशीशिवाय. ओट्याला धरून टाचा उचलणं आलं, ते मी आता भाजी परततानाच करते. आणि शेवटी आलं ते माझं खरं काम, पायरीवरून उतरणं.

जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर डाव्या पायावर उभं राहायचं, उजवी टाच हळूहळू जमिनीकडे न्यायची, टेकली न टेकली की परत वर. खाली जायला मोजून तीन सेकंद. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा, आत कलू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी मांडी लटलट कापली आणि मी कठड्याला घट्ट धरून होते. पण कापत होती ती मांडी, कळ गुडघ्यात नव्हती. हा फरक ज्या दिवशी कळला, त्या दिवशी मला पहिल्यांदा खात्री वाटली की आपण बरे होणार.

दिवाळीत गुडघा पुन्हा सुजला. चकल्या, अनारसे, शंकरपाळे, रात्री अकरापर्यंत कढईपुढे. वहीतला सकाळचा आकडा एकदम वर गेला आणि माझं मन खचलं; सगळी मेहनत पाण्यात गेली असंच वाटलं. फिजिओ मॅडमनी गुडघा दाबून, वाकवून बघितला आणि शांतपणे सांगितलं की हा भडका आहे, गुडघा मागे गेलेला नाही. भार अचानक वाढला की असं होतं. दिवसातून दोन-तीनदा फडक्यात गुंडाळून बर्फ, दहा-पंधरा मिनिटं. व्यायाम निम्मे, पण टॉवेल दाबणं आणि पाय उचलणं रोज चालूच. भाऊबीजेनंतर आठवडाभरात गुडघा पूर्ववत झाला. गणपतीतली सूज जायला किती दिवस लागले होते ते आठवून बघितलं, तेव्हा फरक लक्षात आला. या दुखण्यात चढउतार येणारच, हे आधीच कुणी सांगितलेलं असेल तर माणूस मधेच सोडून देत नाही. म्हणून नव्याने सुरू करणाऱ्या प्रत्येकीला मी हे पहिल्यांदा सांगते.

गुडघ्यातली कटकट मात्र अजून आहे. उठताना आवाज येतो. दुखत नसेल आणि सूज नसेल तर नुसत्या आवाजाला घाबरायचं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं आणि मी तो विषय तिथेच सोडला.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "काकू, गुडघा बरा झाला की काय करायचंय?" मी पटकन म्हणाले, सज्जनगड. दरवर्षी आम्ही जातो, आणि गेल्या वेळी मी खालीच गाडीत बसून राहिले होते. पौषात एका गुरुवारी गेलो. गाडी बरीच वरपर्यंत जाते, पण पुढच्या दगडी पायऱ्या आपल्या पायांनीच चढाव्या लागतात. पहिला दरवाजा ओलांडला, तिथे थोडं टेकले, मग दुसरा. समाधीचं दर्शन घेतलं, प्रसादाला पंगतीत बसले. मांडी पूर्ण घातली नाही, एक पाय लांब सोडला, आणि कुणी काही म्हणालं नाही. परीक्षा होती ती उतरताना. हे पुढे, मी काठी उजव्या हातात धरून, प्रत्येक पायरीला डावा पाय आधी. निम्म्यावर आल्यावर मात्र मी एकाआड एक पाय टाकून, सरळ माणसासारखी उतरायला लागले होते. मांड्या भरून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत आकडा लिहिला, तो आदल्या दिवशीचाच होता.

मांडीचा घेर पुन्हा मोजला तेव्हा डावी उजवीच्या जवळपास आली होती. मी डॉक्टरांना विचारलं, आता परत एक्स-रे काढायचा का? ते नको म्हणाले. फोटो बहुतेक तोच येईल, हाडाची टोकं काही विरघळून जात नाहीत. बदललंय ते त्या हाडांना सांभाळणारं सगळं, आणि ते फोटोत येत नाही. तपासणीला सहा महिन्यांनी बोलावलंय. व्यायाम आता आठवड्यातून तीन दिवस, पण कायमचे. सोडले की स्नायू पुन्हा वाळणार, हे त्यांनी काही लपवून ठेवलं नाही.

माझी थोरली बहीण कोरेगावला असते. तिचा गुडघा ग्रेड ४चा आहे, पाय धनुष्यासारखे वाकलेत, रात्रीची झोप उडालीय. ताईने माझं बघून व्यायाम करून पाहिले, थोडा फरक पडला, पण तिला ऑपरेशनच योग्य आहे असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मलाही ते पटलंय. व्यायामाने सगळ्यांचंच ऑपरेशन टळतं, असं मी कुणाला सांगणार नाही. पण सर्जननी तिला ऑपरेशनच्या आधी दोन महिने व्यायाम करून मांडीची ताकद वाढवायला सांगितलंय, कारण नवा गुडघा बसवल्यावरही त्याला चालवायचं काम त्याच स्नायूला करायचंय, आणि दुसऱ्या दिवसापासून पाय उचलायला लावणार आहेत. त्यामुळे दुपारी ओटा आवरला की मी तिला फोन लावते, स्पीकरवर ठेवते, आणि तिकडे ती टॉवेल दाबते, इकडे मी मोजते.